गल्ल्यावर रोज देता ती उत्तरं वेबसाइटवर लिहून ठेवा

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या चाटी गल्लीजवळच्या एका टॉवेल-चादरीच्या दुकानात मी तीन दिवस नुसता बसून होतो. त्यांची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि दुकान कसं चालतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही सुचत नाही. मालक गल्ल्यावर, मी बाजूच्या स्टुलावर. त्यांना मी काका म्हणतो. गिऱ्हाईक यायचं, फोन वाजायचा, काका बोलत राहायचे आणि मी शंभर पानी वहीत लोकांचे प्रश्न उतरवून घ्यायचो.

"नवा टॉवेल पाणीच टिपत नाही ओ, माल खराब आला का?" "चादर मशिनला टाकली तर चालते का?" "डबल बेडला कुठलं माप घ्यायचं?" "ही खरी सोलापुरी कशावरून? परवा दुसरीकडनं आणली, दोन धुण्यात विटली." "450 जीएसएम म्हणजे जाड का पातळ?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजले, तर वेगवेगळे असे प्रश्न पंचवीसच्या आतच निघाले. तेच फिरून फिरून येत होते, आणि काका प्रत्येक वेळी तो प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मन लावून उत्तर देत होते.

मग त्यांची जुनी वेबसाइट उघडली. मुख्य पान, आमच्याविषयी, उत्पादने, फोटो, संपर्क. वर ठळक अक्षरात 'उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा'. वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नव्हतं. आयुष्यभराची माहिती काकांच्या डोक्यात आणि वेबसाइटवर सहा शब्द.

सोलापुरातल्या बहुतेक वेबसाइटचं हेच आहे. चांगले पैसे देऊन करून घेतलेल्या, दिसायलाही देखण्या, पण मुक्या. धंद्याच्या वेबसाइटवर अधूनमधून एकेक लेख लिहीत गेल्याने काय होतं आणि ते का होतं, हे नीट समजून घेतलं तर पुढचं काम वाटतं तितकं अवघड नाही.

गूगलला तुमचं दुकान कसं दिसतं

आपण गूगलवर काही शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेटभर हिंडून उत्तर आणतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. हिंडण्याचं काम आधीच झालेलं असतं. गूगलचे रोबो, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, एका पानावरून दुसऱ्या पानावर सतत जात असतात आणि जे दिसेल ते वाचत असतात. वाचलेल्याची नोंद एका प्रचंड सूचीत होते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, 'ज्वारी : पान 14, 87, 203' अशी? तोच प्रकार, फक्त अब्जावधी पानांचा. आपण प्रश्न टाकला की गूगल ही सूची चाळतं आणि सापडलेल्या पानांचा क्रम लावतं. आधी वाचन, मग नोंद, मग क्रम.

आता चाळीस टॉवेलांचे फोटो आणि सहा शब्द असलेल्या पानाची नोंद सूचीत कशाखाली करायची? 'उत्तम दर्जा' या शब्दांखाली देशातली लाखो दुकानं आधीच रांगेत उभी आहेत. आणि घरी बसलेली बाई मोबाइलवर 'उत्तम दर्जा' असं कधी शोधत नाही. ती माईकचं बटण दाबून सरळ विचारते, "नवीन टॉवेल पाणी का शोषत नाही?" या वाक्याशी जुळणारं पान ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात ती जाणार. काकांना उत्तर येतं, पण ते कुठे लिहिलेलंच नाही, म्हणून गूगलच्या लेखी काकांना काहीच येत नाही.

क्रम कसा लागतो त्यातही एक समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल कंपनी काढली ती ज्या कल्पनेवर, ती आपल्या बाजारपेठेत रोज वापरात आहे. बाहेरगावचा माणूस नव्या पेठेत येऊन विचारतो, "चादर कुणाकडे घ्यावी?" चार वेगवेगळ्या लोकांनी एकच नाव घेतलं की त्याचा विश्वास बसतो. त्यातला एखादा स्वतः जाणता असेल तर त्याच्या शब्दाला जास्त वजन. इंटरनेटवर हे नाव घेणं म्हणजे दुवा, एका वेबसाइटने दुसरीकडे केलेली लिंक. आज क्रम लावताना गूगल याखेरीज इतर बऱ्याच गोष्टी बघतं, पण दुव्यांचं महत्त्व संपलेलं नाही. आणि नुसत्या दरपत्रकाला कोण दुवा देणार? कामाची माहिती सांगणाऱ्या पानाला लोक आपण होऊन देतात.

एक उदाहरण, पूर्ण

वहीतला जीएसएमचा प्रश्न घेऊ. काकांनी तो एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर समजावला. शेल्फातून टॉवेल काढला, वजनकाट्यावर टाकला. बरोबर 500 ग्रॅम. "हा 30 बाय 60 इंची. मीटरमध्ये साधारण पाऊण मीटर बाय दीड मीटर. म्हणजे क्षेत्रफळ झालं सुमारे 1.16 चौरस मीटर. आता 500 ला 1.16 ने भागा." गिऱ्हाइकाने मोबाइलवर भागलं. 431. "एवढं एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. हाच तुमचा जीएसएम. कुणी याच मापाचा टॉवेल 600 जीएसएमचा म्हणून देत असेल तर त्याचं वजन 700 ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. घरी किराणाच्या काट्यावर ठेवून बघा."

मग त्यांनी त्याला हेही सांगितलं की आकडा मोठा म्हणजे टॉवेल चांगला, असं काही नाही. जाड टॉवेल पाणी भरपूर पितो, पण वाळायला वेळ घेतो. पावसाळ्यात, फ्लॅटच्या आतल्या दोरीवर, तो दुसऱ्या दिवशी कुबट वास मारायला लागतो. लॉजला, प्रवासाला मध्यम बरा. आणि नवा टॉवेल पाणी टिपत नाही याचं कारण असं, की फिनिशिंग करताना मऊपणासाठी लावलेला थर धाग्यांवर असतो. दोन-तीनदा धुतला की तो निघून जातो, धाग्यांची वेटोळी मोकळी होतात, मग टॉवेल प्यायला लागतो. कपडे मऊ करायचं लिक्विड टॉवेलला वापरू नका, तोच थर परत चढतो.

हे बोलणं चार मिनिटांचं होतं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन टाइप केलं, काट्यावरच्या टॉवेलचा फोटो लावला आणि गिऱ्हाइकाचाच प्रश्न मथळा म्हणून वर ठेवला: 'टॉवेलचा जीएसएम घरी कसा मोजायचा?' कुठल्याही जाहिरात कंपनीला हे लिहिता आलं नसतं, कारण त्यांच्याकडे काकांचा काटा नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की त्या लेखात 'आमच्याकडूनच घ्या' असं एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला मोजायचं साधन मिळालं. ते साधन घेऊन तो दुसऱ्या दुकानातही जाईल, जाऊ दे. पण ज्याने मोजायला शिकवलं तो स्वतः मापात मारणार नाही, हा हिशेब माणसाच्या मनात आपोआप होतो. काही महिन्यांनी नागपूरहून एका लॉजवाल्याचा फोन आला. "तुमचं ते वजनाचं वाचलं. आम्हाला मध्यमच पाहिजेत, दोनशे नग, भाव सांगा." एरवी अर्धा तास समजावण्यात गेला असता. हा माणूस समजूनच आला होता. असे फोन रोज येत नाहीत. येतात ते मात्र असे.

किर्लोस्करवाडीची गोष्ट

हे सगळं अमेरिकेतून आलेलं नवं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. नांगरात खोट नव्हती, लोकांच्या मनात शंका होती, आणि शंका समजावून सांगितल्याशिवाय जात नाही.

1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. सुरुवात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी झाली. पण नुसती मालाची स्तुती कोण वाचणार, हे त्यांनी लवकर ओळखलं. अंकात उद्योगधंद्याची माहिती आली, नवे विचार आले, कथा-लेख आले. लोक ते वाचण्यासाठी मागवू लागले. 1929 मध्ये नावातली 'खबर' गेली, आणि नुसतं 'किर्लोस्कर' या नावाने ते मासिक महाराष्ट्रात घरोघरी पोचलं.

त्याच सुमाराची फ्रान्समधली जोडगोष्टही आहे. मिशेलिन ही टायर कंपनी. 1900 मध्ये अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारगाड्या तीन हजारही नव्हत्या. तेव्हा त्यांनी मोटारवाल्यांसाठी नकाशे, दुरुस्तीची ठिकाणं, मुक्कामाच्या जागा यांची माहितीपुस्तिका छापली आणि सुमारे 35,000 प्रती फुकट वाटल्या. लोक हिंडतील तर टायर झिजतील, असा सरळ हिशेब होता.

या दोघांनी कागद, छपाई आणि टपालाचा खर्च केला होता. आज आपल्याला तो नाही. एवढी सोय असून आपण लिहीत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

टँकर आणि विहीर

"जाहिरात करतोच की आम्ही," असं बरेच व्यापारी म्हणतात. करावीच. पण जाहिरात आणि लेख यांतला फरक पाण्याचं उदाहरण घेतलं तर आपल्याला लगेच कळेल, कारण चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. जाहिरात म्हणजे टँकर. आज पैसे दिले, आज हौद भरला. उद्या पैसे थांबले की उद्याच हौद कोरडा. लेख लिहिणं म्हणजे विहीर खोदणं. खोदताना नुसतेच कष्ट, पाणी नाही. लागेल कधी, किती, सांगता येत नाही. पण लागलं की दिवाळीत, यात्रेत, रात्री दोन वाजताही ते असतं.

नवं पान गूगलच्या सूचीत यायला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि क्रमात वर सरकायला बरेच महिने. सहा महिने काहीच हाललं नाही तरी घाबरू नये. या काळात हौद रिकामा ठेवणं परवडत नसेल तर टँकर चालू ठेवावा. दोन्हींत भांडण नाही.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसबद्दल थोडं. ते चोवीस तासांनी जातं, आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे त्यांनाच दिसतं. समाजमाध्यमावरची पोस्ट दोन-तीन दिवसांत खाली वाहून जाते. शिवाय ती जागा आपली नसते. माझ्या एका गिऱ्हाइकाचं असं पान ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झालं. कारण कळलं नाही, दाद कुठे मागायची तेही कळलं नाही, आणि पाच वर्षांचे फोटो, लोकांचे अभिप्राय, सगळं अडकून पडलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: तिथे जरूर लिहा, पण मूळ मजकूर स्वतःच्या नावाच्या वेबसाइटवर ठेवा आणि बाहेर त्याची लिंक द्या. वेबसाइटचं नाव मात्र वर्षाच्या वर्षाला रिन्यू करायला विसरू नका, आणि ते तुमच्याच ईमेलवर नोंदवलेलं आहे ना, हे आजच्या आज तपासा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर ते राहून गेलेलं मी खूपदा पाहिलंय.

चादरीपलीकडे

आपल्याकडे शाळेचे गणवेश शिवणारे मोठे कारखानदार आहेत. त्यांचं गिऱ्हाईक रस्त्यावरून येत नाही, परगावच्या शाळेच्या कार्यालयातून येतं आणि फोन करण्याआधी चार जणांच्या वेबसाइट बघून येतं. जूनमध्ये गणवेश हातात हवा असेल तर मापं कधी द्यावीत, टेरिकॉटमधलं 65-35 म्हणजे काय, गेल्या वर्षीच्या कापडाची शेड यंदा हुबेहूब का मिळत नाही, एवढं ज्याने लिहिलंय त्याला शाळा पहिला फोन करते. शेंगा चटणी करणाऱ्या घरगुती उद्योगाला तर दोनच लेख पुरे: चटणी किती दिवस टिकते आणि प्रवासात कशी न्यावी. डाळिंबवाले, कडक भाकरीवाले, सगळ्यांकडे असे दोन-चार प्रश्न असतातच.

चादरीकडे परत येतो, कारण तिथे प्रश्न नुसता विक्रीचा नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. म्हणजे हे नाव कायद्याने या भागात विणलेल्या मालाचं. तरी बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून देशभर खपतो आणि सोलापूरच्या पूर्व भागातले माग बंद पडत जातात. 'खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची' हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ताणा-बाणा हाताळला त्यांनी लिहायचं नाही, तर मग कुणी? आपण गप्प राहिलो की त्या प्रश्नाचं उत्तर नकली माल विकणारा देतो.

जपून

तीन गोष्टींपासून लांब राहा. 'महिन्यात गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं, आणि शोधातला क्रम पैसे घेऊन वर चढवला जात नाही. पैसे भरून वर दिसतं ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

दुसरं, एआयकडून शंभर लेख एका रात्रीत काढून घेऊ नका. क्रमात वर येण्यासाठी घाऊक पाडलेली निरुपयोगी पानं गूगल मार्च 2024 पासून स्पष्टपणे गैरप्रकारात धरतं, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. भाषा तपासायला, टाइप करायला यंत्राची मदत घ्या, काही हरकत नाही. पण काट्यावर टॉवेल ठेवणारा हात आपलाच हवा. लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हा निकष गूगलने डिसेंबर 2022 मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुद्दाम घातला आहे, आणि दुकानदाराकडे दुसरं काही नसलं तरी अनुभव असतोच.

तिसरं, एकाच लेखात एकच शब्द पन्नास वेळा कोंबणं. वाचणाऱ्याला शिसारी येते, गूगललाही ते कळतं.

एक बदल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. ऑगस्ट 2024 पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांना एआयने बनवलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवतं. साध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं की माणूस पुढे आपल्या पानावर येईलच असं नाही. पण त्या उत्तरातही ज्या पानांचा आधार घेतला त्यांच्या लिंक असतात, आणि दोनशे नग घ्यायला निघालेला माणूस तीन ओळींवर व्यवहार करत नाही. तो विकणारा कोण आहे हे बघायला आत येतोच. म्हणून 'टॉवेल म्हणजे काय' असल्या विषयांत वेळ घालवू नका. तुमच्या दुकानातच मिळेल अशी माहिती लिहा.

आम्ही कसं करतो

काकांकडे आता गल्ल्याच्या बाजूला ती वही दोरीने बांधून ठेवली आहे. पोरं नवा प्रश्न आला की उतरवतात, गिऱ्हाईक ज्या शब्दांत बोललं त्याच शब्दांत. पंधरा दिवसांतून एकदा मी जातो, वहीतला एक प्रश्न काढतो, काका बोलतात, मी रेकॉर्ड करतो. एका लेखात एकच प्रश्न. पहिल्या चार ओळींत उत्तर, खुलासा नंतर. फोटो दुकानातलाच, मोबाइलवर काढलेला. खाली तारीख, पत्ता, फोन. मराठीत आधी, आणि जो प्रश्न बाहेरच्या राज्यातून जास्त येतो तो हिंदीत वेगळ्या पानावर. विजापूर-कलबुर्गीकडचं गिऱ्हाईक बघता कन्नडमध्येही करायचं मनात आहे, दुकानातली एक मुलगी छान कन्नड लिहिते.

तीन महिन्यांतून एकदा गूगलचं सर्च कन्सोल उघडून बघतो. ते फुकट आहे. लोकांनी नेमकं काय शोधलं तेव्हा आपलं पान त्यांना दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, हे त्यात सोळा महिने मागेपर्यंत दिसतं. पहिल्यांदा ते बघताना काका चष्मा सावरून स्क्रीनजवळ आले. यादीत एक ओळ होती, 'चादर टोचते काय करावे'. हा प्रश्न वहीत नव्हता. दुकानात येऊन कुणी तो विचारला नव्हता, विकणाऱ्याच्या तोंडावर कसं बोलायचं म्हणून असेल.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोचते, खरं आहे. जाड सुताची पहिल्या धुण्याआधी टोचतेच. उद्या ये, एक कोरी आणि एक धुतलेली शेजारी शेजारी ठेवून दाखवतो." मी वही ओढून घेतली आणि तो प्रश्न सव्वीसावा म्हणून लिहिला.